स्लेव्ह दोनदा बदलला तरी क्लच बसतोय? आधी नळी मुठीत धरून पाहा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सकाळी गाडी सुरू केली की रिव्हर्स करकरत पडतो. सिग्नलला उभं असताना पहिला गिअर टाकायला गेलं की दांडा अर्ध्यावर अडतो. पेडल भराभर दोन-तीनदा दाबलं की गिअर पडतो, पण पुढच्या सिग्नलला तेच. आणि इंजिन बंद करून पाहिलं, तर सगळे गिअर अलगद पडतात.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. इंजिन बंद असताना गिअर सुरळीत पडतात, म्हणजे गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबलं तरी इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. पेडल पंप केल्यावर फरक पडतो, म्हणजे घोळ हायड्रॉलिकमध्ये, पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत नेणाऱ्या भागात आहे. एवढं कळल्यावर क्लच प्लेटच्या नावाने गिअरबॉक्स उतरवायला कोणी निघालं, तर त्याला थांबवा. मला इथल्या एका गॅरेजात पाच मिनिटांत प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचं एस्टिमेट हातात ठेवलं होतं. गाडी जॅकवरसुद्धा चढवली नव्हती.

गाडी १९९२ची माझदा मियाटा, १.६ लिटरची. पहिली पिढी, उघड-मिट होणाऱ्या हेडलाइटवाली. जपानात हिला युनोस रोडस्टर म्हणायचे, युरोपात एमएक्स-५. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा लोकांसमोर आली. मी न्यू जर्सीत राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटाखालचं लोखंड खातं. हे पुढे उपयोगी पडणार आहे. गाडीला मात्र बोल लावत नाही. तीस वर्षांहून जुनं रबर कुठल्याही गाडीत असंच वागलं असतं.

माझं रडगाणं थोडक्यात. पहिल्यांदा क्लच बसला तेव्हा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे खाली गिअरबॉक्सपाशी क्लच ढकलणारा, सरळसरळ गळत होता. रबरी टोपी मागे सारली तर आतून काळं ऑइल टपकलं. नवा स्लेव्ह लावला, हवा काढली, गाडी मस्त चालली. सात महिन्यांनी पुन्हा तेच. स्वस्तातला माल घेतला म्हणून स्वतःला चार शिव्या दिल्या आणि चांगल्यातला स्लेव्ह आणला. तो लावल्यावर गळती कुठेच नव्हती, हवाही निघाली होती, तरी पेडल जमिनीपासून जेमतेम दोन बोटांवर आल्यावर क्लच सुटायचा. तेव्हा कुठे डोक्यात आलं की मास्टर आणि स्लेव्ह यांच्या मधला भाग मी कधी बघितलाच नव्हता.

रचना साधी आहे. पेडल ढकलतं मास्टर सिलिंडरला, जो इंजिनमागच्या पत्र्यावर, ड्रायव्हरसमोर बसलेला असतो. खाली गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह, तो क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दुफाटा दांडा, ढकलतो. आपल्याकडच्या गॅरेजात या जोडीला अप्पर आणि लोअर म्हणतात. दोघांमध्ये आधी लोखंडी नळी, आणि शेवटी जेमतेम वीतभर रबरी होज. होज हवीच, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलतात आणि बॉडी हलत नाही. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत मास्टर डावीकडे, स्लेव्ह उजवीकडे. म्हणजे लोखंडी नळीला सगळा पत्रा आडवा ओलांडून जावं लागतं.

आता हिशेब. मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिलिमीटर. स्लेव्ह १९.०५ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ सुमारे २८५. मास्टरचा दट्ट्या १४.४ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा दांडा १० मिलिमीटर सरकतो. या गाडीत दांड्याच्या हालचालीला फारशी ऐसपैस जागा नाही. दीड मिलिमीटर कमी पडलं की क्लच घासत राहतो. आणि दीड मिलिमीटर गमवायला किती ऑइल वाया जावं लागतं? २८५ गुणिले दीड, म्हणजे सुमारे ०.४३ घनसेंटीमीटर. खोकल्याच्या औषधाच्या पाच मिलीच्या चमच्याचा दहावा भागही नाही. एवढी जागा हवेच्या एका बुडबुड्याने खाल्ली, किंवा दाबाखाली होज तेवढी फुगली, की सकाळचा रिव्हर्स करकरणार.

म्हणून तिसरा स्लेव्ह मागवण्याआधी या तपासण्या करा. गाडी चारी स्टँडवर घ्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

पहिली, दांड्याची चाल मोजा. इंजिन बंद. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि खालून स्टीलची पट्टी लावून फोर्क किती सरकतो ते बघा. माझ्या गाडीत साडेदहा मिलिमीटर भरलं. आकडा लिहून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

दुसरी, पेडल दाबत असताना रबरी होज मुठीत धरा. चांगली होज हाताला काही जाणवू देत नाही. माझी चक्क मुठीत जाड होत होती.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते, पण होज टाकूनच द्यायची असेल तरच करा. गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्प घ्यायचा. साधी पक्कड नको, ती रबर चावते. आधी होज वरच्या टोकाला, लोखंडी नळीच्या जवळ बंद करा आणि पेडल दाबा. पेडल दगडासारखं लागलं आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं नाही, तर मास्टर आणि लोखंडी नळी दोन्ही निर्दोष. मग क्लॅम्प काढून होजच्या खालच्या टोकाला, स्लेव्हच्या जवळ लावा. आता ऑइल स्लेव्हपर्यंत पोचतच नाही, तेव्हा पेडल तितकंच कडक लागायला हवं. माझं दीड-दोन बोटं खाली गेलं, आणि तेही स्प्रिंगवर पाय ठेवल्यासारखं. दोन क्लॅम्पांच्या मध्ये होजशिवाय दुसरं काही नाही. संशयाला जागा उरली नाही.

जाता जाता, नेमकं उलटं लक्षणही याच होजमुळे येतं. आतलं रबर फुगून भोक बुजत आलं की ऑइल दाबाने खाली जातं, पण परत यायला वेळ लागतो. क्लच उशिरा धरतो, चढावर घसरतो. अशा वेळी स्लेव्हचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करा. चिळकांडी उडून क्लच लगेच धरला, तर दाब अडकून पडला होता. मात्र होजला दोष देण्यापूर्वी पेडलची मोकळी हालचाल बघा. पेडलचा दांडा मास्टरच्या दट्ट्याला कायम टेकलेला असेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक उघडत नाही आणि गरम झालेलं ऑइल फुगून क्लचला हळूहळू ढकलत राहतं. पेडलला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सैलपणा हवाच.

मास्टर गळतोय का हे बॉनेट उघडून कळत नाही. पायाजवळ वाकून, पेडलचा दांडा पत्र्यातून जिथे आत जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं किंवा तिथला रंग पोपडे धरून सुटला असेल, तर मास्टर गेला. ब्रेक ऑइल रंग खातं.

आता काय लावायचं. फक्त रबरी होज बदलता येते, खर्चही किरकोळ. पण माझी लोखंडी नळी बाहेरून गंजून फोडांनी भरली होती, आणि होज सोडताना ती पिळली जाणार हे दिसतच होतं. म्हणून मी मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सलग एकच लाइन घेतली. आत टेफ्लॉनची नळी, बाहेर स्टीलच्या तारांची वीण. टेफ्लॉन दाबाखाली रबरासारखं फुगत नाही, वीण त्याला आणखी आवळून धरते. घेताना वीण प्लॅस्टिकच्या पारदर्शक आवरणात आहे ना ते बघा. उघडी स्टीलची वीण ज्या कशाला घासते त्याला कानशीसारखी कापत जाते, मग ती वायरिंग असो की ब्रेकची नळी.

कामाला लागण्यापूर्वी आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. नळीचा नट १० मिलिमीटरचा असतो, आणि त्याला साधा फिक्स पाना लावू नका. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, मऊ झालेला नट फिरायच्या आधी त्याच्या कडा गोल होतात. नळीच्या नटासाठी वेगळा पाना मिळतो, रिंग पान्यासारखाच, फक्त नळी आत सरकायला एका बाजूने कापलेला. मी तो मागवायचा कंटाळा केला आणि मास्टरकडच्या नटाचे दोन कोपरे घालवले. शेवटी नळी तिथेच करवतीने कापली आणि नटावर सहा कोनी सॉकेट ठोकून तो काढला. नळी फेकायचीच होती म्हणून हे चाललं.

टाकीतलं ऑइल मोठ्या सिरिंजने काढून घ्या. खाली ट्रे ठेवा, जवळ पाण्याचा मग ठेवा. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता. डोळ्यांना चष्मा लावा, कारण तुम्ही उताणे आणि ऑइल वरून.

होजचा खालचा जोड स्लेव्ह बोल्टांवर घट्ट असतानाच ढिला करून घ्या. स्लेव्ह आधी सोडलात तर तो हातात गरगर फिरत राहील आणि जोड सुटणार नाही. स्लेव्ह सुटा असताना पेडल कोणी दाबणार नाही याची खात्री करा. घरात लहान मूल असेल तर गाडी लॉक करा. दट्ट्या बाहेर उडाला की अर्धा तास तो शोधण्यात जातो.

मी दुसरा, सात महिन्यांत गेलेला स्लेव्ह जपून ठेवला होता. या वेळी तो उघडला. आत काळी पेस्ट, आणि त्यात चहाच्या भुकटीएवढे रबराचे कण. सीलच्या ओठावर बारीक चीर. तो माल स्वस्त होता म्हणून गेला असं मी धरून चाललो होतो. जुनी होज आतून झडत होती आणि तिचा चुरा प्रत्येक नव्या स्लेव्हच्या तोंडात पडत होता. म्हणूनच लाइन बदलताना मास्टरमधूनही थोडं ताजं ऑइल सोडून तो धुऊन घ्या, आणि मगच नवी लाइन जोडा.

नवी लाइन बसवताना दोन्ही टोकांचे आटे आधी हाताने धरवा. तीन-चार फेरे बोटांनी फिरले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर आटे तिरके बसलेत. मागे घ्या, पुन्हा लावा. मास्टर ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा असेल तर आटे जायला एक चुकीचा झटका पुरतो. नळीला पीळ पडू देऊ नका. नळाच्या कामाची सवय असलेल्यांसाठी खास सूचना: इथे आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची नसते. ऑइल आट्यांनी अडत नाही, नळीच्या तोंडाचा शंकू समोरच्या शंकूवर दाबून बसतो तिथे अडतं. टेपची एक चिंधी आत गेली की तिचा मुक्काम मास्टरच्या त्या बारीक भोकात. माझ्या लाइनच्या खालच्या टोकाला तांब्याचे वायसर होते. ते दरवेळी नवेच घाला, जुने एकदा दबलेले असतात.

लाइन स्टीअरिंगच्या दांड्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, क्लिपांनी बांधा, पण गिअरबॉक्सपाशी थोडी ढील सोडा. ताणून बांधली तर इंजिन हलताना सगळा जोर जोडावर येतो.

ऑइल म्हणजे ब्रेक ऑइलच, डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं. कोरडं ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतली वाफ पितं. ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. अर्धवट वापरून वर्षभर फडताळात ठेवलेली बाटली म्हणूनच वापरू नका. डॉट ५ हे नाव डॉट ५.१ च्या शेजारचं वाटतं, पण ते सिलिकॉनचं असतं. या ऑइलमध्ये मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल चुकूनही नको. त्याने सगळी सीलं फुगून मऊ होतात आणि मग वरपासून खालपर्यंत सगळंच बदलावं लागतं.

हवा काढणे हे खरं चिकाटीचं काम. नवी लाइन पूर्ण कोरडी असते, त्यामुळे लगेच पेडल मारत बसू नका. टाकी भरा, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल उघडा आणि चहा घ्या. ऑइल स्वतःच्या वजनाने उतरतं. थेंब सलग पडू लागले की निपल बंद करा. मग स्लेव्हचा दट्ट्या हाताने हळूहळू आत ढकला. टाकीत वर बुडबुडे येताना दिसतील. हे चार-पाच वेळा. माझे निम्म्याहून जास्त बुडबुडे इथेच निघाले.

त्यानंतर पेडल. माझी मदतनीस अकरा वर्षांची लेक. सीट पूर्ण पुढे घेऊन, पाठीमागे दोन उशा ठेवून. आमचा करार असा: मी खालून "दाब" म्हणायचं, तिने दाबून "दाबलं" म्हणायचं, मग मी निपल उघडून बंद करणार आणि "सोड" म्हणणार. "दाबलं" ऐकल्याशिवाय निपल उघडायचा नाही, "सोड" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. तिसऱ्याच फेरीला वरून आवाज, "बाबा, पेडल मोडलं!" मोडलं नव्हतं. निपल उघडला की पेडल खालीच पडून राहतं, त्याला वर ढकलायला दाब उरत नाही. बुटाचं टोक खाली घालून वर ओढायचं असतं. हे मी आधी सांगायला विसरलो होतो.

पेडलखाली जमिनीवर लाकडाचा ठोकळा ठेवा, पूर्ण दाबलं तरी शेवटचा इंचभर प्रवास होणार नाही इतका. जुन्या मास्टरच्या शेवटच्या भागात सील वर्षानुवर्षं गेलेलं नसतं, तिथे गंज आणि गाळ साचतो. हवा काढताना पेडल जमिनीला टेकवलं की सील त्या खरखरीत भागावरून घासत जातं आणि काल चांगला असलेला मास्टर उद्या गळू लागतो. लाइन बदलल्यावर आठवड्यात मास्टर गेल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच अशाच असाव्यात असं माझं मत. क्लचची टाकी इवलीशी असते. दर पाच दाबांनंतर झाकण उघडून बघा. एकदा तळ दिसला आणि हवा आत गेली की पुन्हा पहिल्यापासून.

इतकं करूनही पेडल मऊ राहिलं तर गाडीचं नाक उंच करा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पुन्हा चार दाब मारा. मला तेवढं लागलं. सकाळी पहिल्याच फेरीला शेंगदाण्याएवढा एक बुडबुडा नळीतून बाहेर आला आणि पेडल वर आलं.

पुन्हा पट्टी लावून मोजलं. बारा मिलिमीटर. तोच मास्टर, तोच स्लेव्ह, तोच पाय. क्लच आता पेडलच्या अर्ध्यावर सुटतो, त्यामुळे पहिले दोन दिवस गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पाडली. शेवटी डॅशबोर्डखाली उताणं पडून पेडलच्या दांड्याचा चेकनट, म्हणजे त्याला जागी आवळून धरणारा नट, सोडला, मोकळी हालचाल दोन मिलिमीटरवर आणली आणि चेकनट घट्ट केला.

जुनी होज उभी चिरली. बाहेरून फक्त केसांसारख्या भेगा होत्या, कोणीही पास केली असती. आत रबर पोफळीच्या सालीसारखं धाग्याधाग्याने सुटलेलं होतं, आणि नखाने खरवडलं की काळा चुरा.

वरच्या आणि खालच्या जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून रबर बँडने बांधून ठेवला होता. दोन आठवडे आणि सुमारे तीनशे मैलांनंतर वरचा कोरडा होता. खालच्यावर नाण्याएवढा डाग. पाना लावून पाव फेऱ्याच्याही निम्मा आवळला, नवा कागद बांधला. तो परवा सोडून पाहिला, कोराच निघाला.